न खेळता दिलेले निकाल

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्राला जाण्याचा योग आला. विषय नवमाध्यमे आणि मराठी साहित्य असा होता. समारोपाच्या भाषणात अध्यक्षांनी व्हिडिओ गेम या प्रकाराचा निकाल तीन वाक्यांत लावून टाकला. हे व्यसन आहे, यात विचाराला जागा नाही, आणि मराठी वाचनसंस्कृतीचा घास यानेच घेतला. टाळ्या पडल्या. जेवणाच्या रांगेत आम्ही त्यांना अदबीने विचारले, "सर, आपण यातला कोणता खेळलात?" ते हसले आणि म्हणाले, "त्यासाठी खेळावं कशाला लागतं?" मग ते वाढप्याकडे वळले आणि आमचा प्रश्न भाताच्या वाफेत विरून गेला.

प्रश्न थट्टेचा नव्हता. कादंबरी न वाचता तिचे परीक्षण लिहिणाऱ्याला आपल्या व्यवसायात काय म्हणतात, हे अध्यक्षांना ठाऊक आहे. त्यांनीच तो शब्द पूर्वी एका तरुण समीक्षकासाठी वापरला होता. मग हाच नियम खेळांना का लागू होऊ नये?

आम्ही दोघे पाटोद्यात राहून मराठी शिकवतो. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. लहानपणी टीव्हीला जोडलेल्या यंत्रात 'कॅसेट' घालून मारिओ आणि काँट्रा खेळलो, पुढे एम. ए.च्या अभ्यासात ते सारे विसरलो, आणि विद्यार्थ्यांचे मोबाईल तासाला जप्त करण्यापुरताच या विषयाशी संबंध उरला. चर्चासत्राहून परतताना मात्र वाटले की अध्यक्षांना जो प्रश्न विचारला तो आपल्यालाही लागू आहे. म्हणून एक जुना लॅपटॉप दुरुस्त करून घेतला आणि सुट्टीच्या दिवसांत, वीज असेल तेव्हा, चार खेळ शेवटापर्यंत किंवा निदान पुरेसे खेळलो. ही त्या खेळण्याची साक्ष आहे, आणि ती अर्थातच एका बाजूची आहे.

आधी एक गोंधळ बाजूला सारू. 'गेम' या एका शब्दाखाली आपण रमी, लॉटरीसारखी ॲप्स, बंदुकांची मारामारी, बुद्धिबळ आणि कथाप्रधान खेळ असे सारे कोंबतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला, तेव्हा पैसे लावून खेळण्याचे खेळ एका बाजूला ठेवून त्यांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व पैसे न लावता खेळण्याचे सामाजिक खेळ वेगळे काढले. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा निराळी. पण जो भेद संसदेला करता आला तो मराठी समीक्षेला करता येऊ नये, ही नामुष्की आमची आहे. जुगाराला जुगार म्हणावे. लावणी आणि भजन दोन्ही गाऊनच म्हणतात, म्हणून त्यांना एकच मानणारा समीक्षक आपण मनावर घेत नाही.

आता मुख्य मुद्दा. खेळाचा अर्थ त्याच्या चित्रांत, संगीतात किंवा कथेत जितका असतो त्याहून अधिक त्याच्या नियमांत असतो. काय करता येते, काय करता येत नाही, कशाचे बक्षीस मिळते, कशाची शिक्षा होते, यातून खेळ जगाविषयी काही म्हणत असतो. ही कल्पना आम्ही कुठून आयात केलेली नाही. मोक्षपट आपल्याच घरचा आहे, आणि परंपरा तर त्याचे जनकत्व ज्ञानदेवांनाच देते. त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. वर जाण्याचा आणि खाली घसरण्याचा नियम हाच तिथला उपदेश होता. पुढे इंग्रजांकडून तो परत आला तेव्हा सापशिडी होऊन आला. साप राहिले, शिड्या राहिल्या, मुलांची करमणूक राहिली, आणि अर्थ पुसला गेला. नियम वाचण्याची सवय तेव्हाच सुटली असावी. आज आम्ही खेळाकडे पाहतो ते त्या धुतलेल्या पटाकडे पाहावे तसे.

पहिला खेळ 'पेपर्स, प्लीज'. ल्यूकस पोप या एकट्या माणसाने केलेला, २०१३ सालचा. आर्स्तोत्झ्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशात १९८२ साल चालू आहे. कामगार सोडतीत तुमचे नाव निघते आणि तुम्हाला सीमेवरच्या तपासणी खिडकीत बसवले जाते. येणाऱ्याचे पारपत्र, परवाना, तारीख, शिक्का, छायाचित्र जुळवून पाहायचे आणि हिरवा किंवा तांबडा ठसा मारायचा. जितकी माणसे निकाली काढाल तितका पगार. चूक झाली की आधी ताकीद, मग दंड. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेकोटी यांचा हिशोब. पैसे कमी पडले की मुलगा आजारी, सासू उपाशी. चित्रे ओबडधोबड, रंग मळकट, आणि संगीत म्हणजे जणू सरकारी पायताणांचा आवाज.

एके दिवशी खिडकीशी एक माणूस येतो. त्याचे कागद चोख आहेत. जाताना तो सांगतो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशपरवाना नाही. नियमाने तांबडा ठसा. आमच्यापैकी एकाने तो मारला, कारण त्या दिवशीच्या ताकिदी संपल्या होत्या आणि पुढची चूक पगारातून कापली जाणार होती. दुसऱ्याने तिला आत सोडले. मग रात्री बराच वेळ आम्ही यावर भांडलो.

भांडण संपले ते एका विचित्र जागी. आम्ही रससिद्धान्त शिकवतो. साधारणीकरणाने प्रेक्षक नायकाचा शोक व्यक्तिगत म्हणून नव्हे तर शोक म्हणून आस्वादतो, असे फळ्यावर लिहून देतो. दुष्यंत शकुंतलेला ओळख नाकारतो तेव्हा आपण हळहळतो, पण दोष त्याचा किंवा शापाचा. आपले हात स्वच्छ असतात. अंगठी हरवलेली शकुंतला ही एका अर्थाने कागद नसलेली बाईच. या खेळात तिला परत पाठवणारा ठसा आमच्या हातात होता. आपल्याच हातून घडलेल्या कृतीची टोचणी हा अनुभव नऊ रसांपैकी कशात बसवायचा? आम्हाला उत्तर सापडले नाही. पण ज्या कलाप्रकाराने हा प्रश्न उभा केला त्यात 'विचाराला जागा नाही' असे आता आम्ही कोणालाही म्हणू देणार नाही.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती सांगितल्यावाचून हे लिहिणे अप्रामाणिक होईल. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत खिडकीच्या आत आम्हीच बसतो. उत्पन्नाचा दाखला जुना आहे, आधारवरचे नाव जुळत नाही, जातवैधता अजून आली नाही, म्हणून मुलींना परत पाठवतो. चूक आमच्या माथी नको म्हणून. अशी परत गेलेली एक मुलगी पुन्हा आलीच नाही, आणि तिचे नाव आम्हा दोघांच्याही लक्षात आहे. नोकरशाहीवरच्या कथा आम्ही अनेक शिकवल्या, पण त्या शिकवताना आम्ही नेहमी खिडकीच्या बाहेरच्या माणसाच्या बाजूने उभे असायचो. या खेळाने आम्हाला आमच्या खऱ्या खुर्चीत बसवले.

दुसरा खेळ आपल्या पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा 'राजी' २०२० मध्ये आला. सर्कशीत कसरती करणारी राजी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, महाबलासुराची सेना, आणि वरून हे सारे पाहत बोलणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वास्तूंवरून घडवलेले महाल, पहाडी चित्रांच्या वळणाची रंगसंगती, मध्येच छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा. डोळे निवतात. एका लहान चमूने एवढे उभे केले याचा अभिमान वाटतो, आणि तो आम्ही लपवत नाही.

पण नियम वाचले की उत्साह ओसरतो. दार बंद होते, राक्षसांच्या लाटा येतात, त्रिशूळ फिरवायचा, दार उघडते, पुन्हा उड्या, पुन्हा लाटा. हा सांगाडा परदेशी साहसखेळांत आपण शंभरदा पाहिला आहे. दगडी मंडले फिरवून चित्र जुळवण्याची कोडी आहेत, तेवढ्यात काही क्षण वेगळे वाटते. एरवी चित्र आपले आणि नियम परके. राजी मुलगी आहे, कसरतपटू आहे, बहीण आहे, पण खेळ तिला मारण्याखेरीज फारसे काही करू देत नाही. देशीपणा म्हणजे नक्षीकाम नव्हे, हे कादंबरीच्या बाबतीत आपण कधीचे सांगत आलो आहोत. खेळाच्या बाबतीत मात्र पडद्यावर दुर्गा दिसली की आपल्या वृत्तपत्रांचे समाधान होते. शिवाय हा खेळ आधी इंग्रजीत बोलला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीत. पुण्यात जन्मून मराठीत तो बोलला नाही. दोष एकट्या त्या कंपनीचा नाही. ती मागणी आपण कधी केली?

तिसरा, 'वेम्बा'. टोरांटोतल्या विसाई गेम्सचा, २०२३ चा. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेले तमिळ जोडपे, आईची फाटकी, पुसट झालेली पाककृतींची वही, आणि तमिळपासून दुरावत जाणारा मुलगा. वहीतल्या गहाळ ओळी अंदाजाने भरून पदार्थ करायचे. इडलीच्या थाळ्या एकावर एक कशा रचायच्या की वाफ सगळ्यांना मिळेल, एवढेच पहिले कोडे. खेळ दोनेक तासांत संपतो. पण पुसलेली ओळ आठवण्याची कृतीच इथे भाषा वाचवण्याची कृती होते, आणि ते कोणी भाषणात सांगत नाही, हातांना कळते. २०२४ मध्ये पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार याला मिळाला. तमिळ माणसाने आपल्या भाषेच्या तुटण्यावर खेळ रचला आणि जगाने तो खेळला. आपण अभिजात दर्जाचे पेढे २०२४ मध्ये वाटले. पुढे काय, हे विचारण्याची वेळ झाली आहे.

चौथा खेळ आमच्या वर्गातल्या मुलांनाही दाखवला, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक लिहितो. 'स्टारड्यू व्हॅली', एरिक बॅरोन या एकाच माणसाने कित्येक वर्षे खपून केलेला, फेब्रुवारी २०१६ चा. नायक कंपनीतल्या कारकुनीला कंटाळतो, आजोबांनी ठेवलेल्या पत्राप्रमाणे खेड्यातल्या शेतावर येतो. जवळ पाचशे नाणी आणि थोडे बियाणे. जमीन साफ करायची, पेरायचे, झारीने पाणी घालायचे. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू. माल घराशेजारच्या पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा. गावकऱ्यांशी मैत्री, मासेमारी, सण. खेळ अत्यंत गोड आहे. आम्हालाही तो आवडला आणि दोन रविवार त्यातच गेले, हे कबूल.

आमच्या एका विद्यार्थ्याने अर्धा तास खेळून विचारले, "सर, ह्याच्यात आडत कापत नाहीत का वो?"

आम्ही हसलो, आणि मग हसू थांबले. त्याने एका प्रश्नात जे केले ते चर्चासत्राच्या दोन दिवसांत झाले नव्हते. त्याने नियम वाचला होता. त्या शेतात आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. कितीही माल आणला तरी भाव पडत नाही. बियाण्यासाठी उधार नाही, म्हणून सावकारही नाही. कावळे चार रोपे खातात, वादळात वीज पडते, पण विहीर आटत नाही. पाऊस पडला तर झारीचे कष्ट वाचतात, एवढाच पावसाचा अर्थ. हा खेळ बाजारात आला त्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याचा खरीप अतिवृष्टीने पाण्यात घातला. आमच्याकडे पाऊस म्हणजे झारीला सुट्टी नव्हे.

यावरून तो खेळ वाईट ठरत नाही. ते शहरी माणसाचे शेताचे स्वप्न आहे आणि स्वप्न म्हणून ते चोख आहे. आपल्याकडच्या कैक ग्रामीण कथाही अशाच स्वप्नातून लिहिल्या गेल्या, आणि त्या ग्रामीण नाहीत हे ओळखायला समीक्षेला काही दशके लागली. त्या मुलाला अर्धा तास पुरला. तो हुशार आहे म्हणून नव्हे, तर त्याने खेळून पाहिले म्हणून, आणि बाजार समितीत वडिलांच्या पट्टीवर काय काय कापले जाते हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे म्हणून.

मग पुढच्या तासाला आम्ही पाठ्यपुस्तक मिटवले आणि विचारले, आपल्या तालुक्याचा खेळ करायचा तर नियम काय असतील? वर्गात निम्म्याहून अधिक घरांचा ऊसतोडीशी संबंध आहे. फळा भरायला वेळ लागला नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याला खेळता येणार नाही. सुरुवातीलाच उचल मिळते, म्हणजे खेळ शून्यातून नव्हे तर उण्यातून सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते. फडात मोळ्या बांधायच्या, टनावर मजुरी. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक जण आजारी पडला की खाडा, आणि खाडा उचलीत चढतो. वाढे विकून चार पैसे. कोपीवर थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, आणि प्रत्येक आठवड्याला तिची शाळा एक घर मागे जाते. हा शेवटचा नियम सांगणारी मुलगी खाली बघून बोलत होती. "आणि जिंकायचं कधी?" आम्ही विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून आवाज आला, "उचल फिटली की. पण फिटत नसती सर."

हा खेळ आम्ही केलेला नाही. आम्हाला तो करता येत नाही. पण फळ्यावरच्या त्या नियमांत मुलांना एक गोष्ट दिसली जी ऊसतोडीवरच्या निबंधात कधी दिसली नव्हती. निबंधात 'अज्ञान', 'व्यसनाधीनता', 'शिक्षणाचा अभाव' असे शब्द येतात आणि दोष माणसाच्या माथी जातो. नियम मांडल्यावर दिसते की कोणीही खेळला, कितीही कष्टाने खेळला, तरी बाकी उरणारच, कारण पटच तसा आखला आहे. हरणारा आधी स्वतःला दोष देतो, दुसऱ्यांदा हरल्यावर नियमांकडे पाहतो. हे पाहायला शिकवणे हे साहित्याचे काम आहे असे आम्ही समजत होतो. ते खेळालाही करता येते, आणि कदाचित अधिक थेट.

आक्षेप येतील. दुःखाचा खेळ करणे क्रूर नाही का? दुःखाची कादंबरी करून तिला पुरस्कार देणे क्रूर ठरत नसेल, तर हेही नाही. मराठीत तंबूतल्या सिनेमाचाही 'खेळ' होतो आणि तमाशाचाही. आपल्या भाषेने या शब्दात करमणूक आणि गांभीर्य यांची फारकत कधी केलीच नव्हती. वेढ्यात सापडलेल्या सामान्य नागरिकांवरचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा खेळ २०२० मध्ये पोलंडने शाळांच्या शिफारशीच्या यादीत घातला. आपल्या अभ्यासमंडळात कोणी अशी सूचना केली तर ती इतिवृत्तात तरी येईल का, याची शंका आहे.

व्यसनाचे काय? आहे. आम्ही ते नाकारत नाही. तासाला डोळे तांबारलेली मुले आम्ही रोज पाहतो. पण व्यसनही नियमांतूनच घडते. २००९ ते २०२० या काळात चाललेल्या 'फार्मव्हिल'मध्ये ठरल्या वेळी परत आला नाहीत तर पीक सुकून जायचे. माणसाला शेत बोलवत नव्हते, फेसबुक बोलवत होते. हा नियम कोणाच्या फायद्याचा आहे हे मुलांना दाखवून द्यायचे तर आधी तो आपल्याला कळायला हवा. नुसता मोबाईल जप्त करून कळत नाही, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव.

आणि वाचनसंस्कृतीचा घास? तो खेळांनी घेण्याआधी मार्गदर्शकांनी घेतला होता. मूळ कादंबरी न वाचता उत्तीर्ण होण्याची सोय आम्ही प्राध्यापकांनी केली, अपेक्षित प्रश्न आम्ही सांगितले, टिपणे आम्ही उतरवून दिली. न वाचता निकाल लावण्याचे शिक्षण मुलांना आमच्याकडूनच मिळाले. अध्यक्षांनी त्या दिवशी केले ते त्याचेच पुढचे पाऊल होते.

कादंबरी हा प्रकार मराठीत नवखा आणि संशयास्पद होता, त्या काळात, १९०२ मध्ये, राजवाड्यांनी कादंबरीवर दीर्घ निबंध लिहिला. त्यांची मते सर्वांना पटावीत असे नाही. पण त्यांनी आधी कादंबऱ्या वाचल्या होत्या. आमची मागणी तेवढीच आहे. पुढच्या चर्चासत्राच्या आधी एखादी संध्याकाळ काढा, एखादा खेळ खेळा, हरा, त्याचे नियम कागदावर लिहून काढा. मग हवे तर वाईट म्हणा. आमचा लॅपटॉप पाटोद्याला आहे. वीज असली तर चालतो.